सात रेघांचा शिक्का

१

शिगेबाई अनवाणी धावत आली तेव्हाच मी समजलो, काहीतरी विपरीत घडलंय. ऑक्टोबर संपत आला होता. तोचिदानीच्या रस्त्यावर सकाळी पाय ठेववत नाही इतकं दहिवर पडत होतं, आणि त्यातून ही बाई घरापासून माझ्या चौकीपर्यंत आली होती. चपला कुठे सुटल्या याचंही तिला भान नव्हतं.

"हवालदार, आमचे हे उठत नाहीयेत," ती म्हणाली. "माडीवर बसलेत. नुसते बसूनच आहेत."

तिचा नवरा इनागाकी तोकुजी. युद्धाच्या काळात गावकचेरीत भरतीचा कारकून होता. पलटणीकडून लाल कागद आला की ज्याच्या नावाचा असेल त्याच्या घरी तो नेऊन द्यायचा, पावती घ्यायची, एवढंच त्याचं काम. या एका दरीतून त्यानं एकशे बारा जणांना लाल कागद दिले. त्यातले शेहेचाळीस परत आले नाहीत. युद्ध संपून सहा वर्षं झाली, तरी तो रस्त्यानं निघाला की बायका दारं लोटून घ्यायच्या. जुनी सवय.

माडी म्हणजे रेशमाचे किडे वाढवायची जागा. किड्यांना ऊब लागते म्हणून वसंतातच सगळ्या फटींना कागद चिकटवलेले असतात. मी जिना चढून दार सरकवलं आणि आतली हवा नाकात शिरताच मागे झालो. खिडकीला लाथ मारून ती उघडली, मग आत गेलो.

इनागाकी बैठ्या मेजावर मान टाकून बसला होता. गाल तांबूस, जणू नुकताच न्हाऊन आलाय. कोळशाच्या धुरानं मेलेला माणूस असाच दिसतो. शेजारी मोठी शेगडी, राखेनं गच्च भरलेली. हाताखाली एक कागद, त्याच्याच वळणदार अक्षरातला:

'ज्या ज्या दारात मी लाल कागद घेऊन उभा राहिलो, त्या प्रत्येक दाराची मी मान खाली घालून क्षमा मागतो.'

आणि कागदाच्या बाजूला एक जाडजूड वही. मी वरचं पान उलटलं आणि माझे हात थबकले.

ती भरतीची वही होती. पंचेचाळीसच्या ऑगस्टमध्ये, शरणागतीच्या आठवड्यात वरून हुकूम आला होता: असले सगळे कागद त्याच दिवशी जाळा. साऱ्या मुलखात गावोगावच्या कचेऱ्यांच्या मागे धूर निघत होता. इनागाकीनंही जाळले, असंच सगळे धरून चालले होते.

तालुक्याहून डॉक्टर आले, त्यांनी डोळ्याची पापणी उचलून पाहिली. "आत्महत्या. मनाला लागलं असेल. लिहा आणि मोकळे व्हा."

मी लिहायला बसणार, एवढ्यात खाली स्वयंपाकघरातून शिगेबाईचा आवाज आला. रडण्याचा नव्हता, चिडल्याचा होता.

"हे पेले कुणी धुतले?"

मोरीपाशी चहाचे दोन पेले धुवून पालथे घातलेले होते.

"परवा मी बहिणीकडे वाळवणाची खाकी फळं सोलायला गेले तेव्हा मोरी कोरडी करून गेले होते," ती म्हणाली. "आत्ता पहिल्या बसनं आले. हवालदार, एकतीस वर्षं संसार केला मी. या माणसानं आयुष्यात एक पेला कधी विसळला नाही. मरायच्या दिवशी दोन धुतले होय?"

२

शिगेबाईला मी चौकीत बसवलं. माझी बायको फुमिए हिनं तिच्या पायांना गरम पाणी दिलं, मोजे दिले. बाई हळूहळू बोलायला लागली.

वही तिनं सहा वर्षं किड्यांच्या टोपल्यांखाली सांभाळली होती. नवऱ्यानं शपथ घातली होती. आता अमेरिकनांचा अंमल संपायचे दिवस आले, मेलेल्यांच्या नावाचा दगड उभारायला पूर्वीसारखी आडकाठी राहिली नव्हती, म्हणून देवळासमोर शेहेचाळीस नावांचा दगड बसवायचं ठरलं होतं. येत्या रविवारी तो उघडायचा. आणि त्या वेळी सगळ्या गावासमोर इनागाकी ती वही पानापानानं वाचून दाखवणार होता.

"पंधरा दिवस भाषण पाठ करत होते," शिगेबाई म्हणाली. "शेवटाला ते दारोदारची क्षमा मागायचं वाक्य. मला उभं करून म्हणून दाखवायचे. मी म्हणायची, आवाज चढवा, मागच्यांना ऐकू जायचं नाही."

म्हणजे मेजावरचा कागद मरणाऱ्याची चिठ्ठी नव्हती. ते भाषणाचं शेवटचं पान होतं. मग आधीची पानं कुठे होती? माडीवर मला एकही मिळालं नव्हतं.

"ते झोपेची पुडी घ्यायचे का?"

"रोज एक. डॉक्टरांनी आठवड्याच्या सात दिल्या होत्या. मी गेले तेव्हा सहा शिल्लक होत्या. दोन रात्रींच्या दोन धरल्या तर चार उरायला हव्यात." तिनं माझ्याकडे पाहिलं. "एकच आहे."

"वही वाचली जाऊ नये, असं कुणाला वाटत होतं?"

तिनं मोजे वर ओढले. मग म्हणाली, "एक पान खोटेपणाचं होतं. कुणाचं ते त्यांनी मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, 'ज्याचं पान आहे त्याला दाखवलं, त्यानं उतरवूनही घेतलंय. दहा दिवस दिलेत. त्यानं स्वतः जाऊन त्या घरी सांगावं. नाही सांगितलं तर मी वाचेन.'"

"दहावा दिवस कोणता?"

"काल," शिगेबाई म्हणाली.

३

वही घेऊन मी मेजाशी बसलो. एका माणसाला एक पान. वर नाव, कागद आल्याची तारीख आणि वेळ, खाली घरच्यांची पावती, बहुतेक ठिकाणी सहीऐवजी आडनावाचा लाल शिक्का. सहा वर्षं दमटीत राहिल्यानं वहीला कसर लागली होती. वरच्या कोपऱ्यात कसरीनं पाडलेलं एक भोक पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत आरपार गेलं होतं. मी ते उजेडापुढे धरलं.

उजेड दिसला नाही.

पान पान उलटत गेलो. भोक, भोक, भोक. मार्च पंचेचाळीसच्या एका पानावर ते नव्हतं. कागद जुना होता, अक्षर इनागाकीसारखंच होतं, पण कसरीनं त्या पानाला तोंड लावलं नव्हतं. बांधणीच्या दोरीची गाठही ताजी होती.

पानावर नाव होतं: सावानो हिसाओ. पावतीवर 'सावानो' असा शिक्का.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. तोचिदानीत निम्मी घरं सावानो आडनावाची. त्यात दोन हिसाओ होते, एकाच वयाचे. बोलताना नाव एकच, लिहिताना शेवटचं अक्षर निराळं. एक तोमेचा, कोळसे पाडणाऱ्या विधवेचा एकुलता एक मुलगा; वहीतल्या पानावर अक्षर याचंच होतं. तो गेला आणि समुद्रात बुडाला. दुसरा सावानो गेन्झोचा, म्हणजे युद्धाच्या वेळच्या सरपंचाचा. तो तेव्हापासून गावच्या शाळेत मास्तर आहे. पोरांचा जीव की प्राण असलेला, कुणाशी वर आवाजात न बोलणारा माणूस.

गेन्झोला युद्धानंतर सरकारी पदं धरायला बंदी झाली होती. या उन्हाळ्यात ती उठली, आणि म्हातारा पुन्हा सरपंचपदाला उभा राहणार होता. काल तीन वाजता तो इनागाकीच्या दारात ओरडत होता, हे शेजाऱ्यांनी मी न विचारताच सांगितलं. दुपारी तोमेही कोळशाचं पोतं घेऊन तिथे गेली होती.

मी आधी तोमेकडे गेलो. तिची झोपडी गावाच्या टोकाला, भट्टीला लागून. वाटेवर धुकं इतकं दाट उतरलं होतं की तिची भट्टी मला आधी वासानं कळली.

"कोळसा माझाच होता," मी विचारण्याआधीच ती म्हणाली. चेहरा काजळीनं काळा, डोळे तेवढे पांढरे. "मेला ना तो? माझ्या कोळशानं मेला. धरून न्यायचं असेल तर न्या, भट्टी विझेपर्यंत मात्र थांबा."

"आजी, मुलाचा लाल कागद आला तो दिवस आठवतो?"

"तो विसरतात का?" तिनं हातातलं दाताळं खाली ठेवलं. "इनागाकी आला. 'अभिनंदन' म्हणाला. सगळ्यांना म्हणायचा तसंच, पण नजर वर केली नाही. मी म्हटलं, अहो, माझा हिसाओ एका कानानं बहिरा, तपासणीत त्याला मागे ठेवलेला. त्याला कसं बोलावलं? तर म्हणाला, आता सगळ्यांनाच बोलावतात."

"कागदावरचं नाव वाचलंत?"

"मला कुठे वाचता येतं! आणि हिसाओ होता वर डोंगरात, लाकडं तोडायला. संध्याकाळी आला, सकाळी गेला. निरोपाला सगळी शाळा आली होती, झेंडे घेऊन."

"आणि पावतीवर शिक्का मारलात तो कुठे आहे? बघू जरा."

ती हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच कुणी माझ्यासमोर हसत होतं, आणि मला ते सहन होईना.

"माझा शिक्का? हवालदार, आमच्या घरात शिक्का कधी नव्हताच. हा लावला." तिनं उजवा अंगठा पुढे केला. "लाल शाई नखात चार दिवस राहिली. पोर गेलं तरी शाई जाईना."

४

गेन्झोच्या दारात मी वही काखेत घेऊनच गेलो. म्हातारा शेकोटीपाशी ताठ बसला होता. सत्तरीचा, पण पाठ अजून पलटणीतल्यासारखी.

"काल इनागाकीकडे का गेला होतात?"

"त्याला सांगायला, की मढी उकरू नकोस."

"एक विशिष्ट मढं?"

"शेहेचाळीस आहेत. कोणतंही." त्यानं चिमट्यानं निखारा उलटवला. "मी ओरडलो, तो ऐकून घेत होता. मी निघालो तेव्हा जिवंत होता. जिन्यावरून मला म्हणाला, 'सांभाळून उतरा, सरपंच.' सहा वर्षांनी मला कुणीतरी सरपंच म्हणालं."

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि हिसाओ. तो शाळेतून येतो, वह्या तपासतो, त्या तोमेला काही लागलं-सवरलं बघतो. तिच्या घरची लाकडं फोडतो, औषध आणून देतो. एवढा मोठा मास्तर, आणि तिच्या झोपडीत बसून मुळ्याचं लोणचं खातो. ती त्याला 'हिसाओ, बाळा' म्हणते. स्वतःच्या पोराचं नाव हाकेत राहतं म्हणून तिला बरं वाटत असेल."

त्याच्या मेजावर चष्मा होता, शेजारी वर्तमानपत्राची घडी, न उघडलेली.

"पेपर वाचत नाही?"

"त्याला पेपर म्हणायचं? अर्धी अक्षरं हातपाय तोडून छापतात. रेघा कमी केल्या म्हणे, पोरांना सोपं जावं म्हणून. मला नाही वाचवत ती लंगडी अक्षरं."

मला हसू आलं. दोन वर्षांपूर्वी हुकूम निघाला तेव्हापासून मी हाताला वळण लावतोय. अजून दर महिन्याला माझा अहवाल जिल्ह्यावरून परत येतो, जुनी अक्षरं लाल शाईनं खोडलेली.

मी वही उघडून ते पान त्याच्यासमोर धरलं. "हे पान ओळखता?"

गेन्झोनं चष्मा लावला. नाव वाचलं. मग नजर खाली उतरली, पावतीवर थांबली. एक श्वास, दुसरा.

"हे खोटं आहे," तो म्हणाला. "हा शिक्का..."

आणि तिथेच त्याची जीभ थांबली. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं. मी आजवर रणांगणावर माणसं पाहिली आहेत, गोळी लागल्यानंतरच्या क्षणातली, अजून पडायची असलेली. हा म्हातारा तसा दिसत होता.

त्यानं चष्मा काढला, दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"हवालदार कोमुरो, मला घेऊन चला," तो म्हणाला. "इनागाकीला मी मारलं."

५

मी त्याला नेलं नाही. तिथेच त्याच्यासमोर बसलो.

"कसं मारलंत?"

"चहातून झोपेच्या पुड्या दिल्या. शेगडी भरली. दार लावलं." पेल्यांची आणि पुड्यांची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती.

"किती पुड्या?"

"असतील... पाच-सहा." घटल्या होत्या जास्तीत जास्त चार.

"पान का बदललंत?"

"लाल कागद माझ्या हिसाओच्या नावाचा होता. मी इनागाकीला तो दुसऱ्या हिसाओकडे न्यायला लावला. सरपंच होतो, हुकूम केला. पलटणीत तेव्हा नावाचं शेवटचं अक्षर बघायला कुणाला सवड होती? एक हिसाओ मागितला, एक हिसाओ पोचला. मेल्याची खबर आली तीही माझ्याच पोराच्या नावानं आली, मी ती तोमेच्या घरी पोचवली." त्यानं हे सगळं एका दमात म्हटलं. "झालं? चला आता."

"एवढं खरं सांगितलंत," मी म्हटलं. "तुमचा शिक्का दाखवा."

त्यानं कमरेची पिशवी काढली. आत हस्तिदंती शिक्का, बापजाद्यांचा. मी तो लाल शाईत बुडवून कोऱ्या कागदावर उमटवला आणि वहीतल्या पानाशेजारी धरला.

'सावानो' यातलं 'सावा' हे अक्षर जुन्या पद्धतीनं सोळा रेघांचं. गेन्झोच्या शिक्क्यात सोळाच्या सोळा रेघा, दाट झुडपासारख्या. वहीतल्या शिक्क्यात सात. नवं अक्षर. पंचेचाळीस साली या दरीत सात रेघांचा सावानो कुणी शिक्क्यावर कोरत नव्हतं. असले शिक्के आता तालुक्याच्या दुकानात तयार मिळतात.

"तुमच्या कमरेला सोळा रेघांचा सावानो शिक्का चोवीस तास असतो," मी म्हणालो. "तुम्हाला खोटी पावती करायची असती तर तोच उठवला असता, आणि मी जन्मात पकडलं नसतं. दुसरा घ्यायची तुम्हाला गरजच नव्हती. आणि घेतलाच असता, तर ती लंगडी अक्षरं तुम्ही दुकानातच फेकून दिली असती. मी पान धरल्यावर तुम्हाला चूक दिसायला दोनच श्वास लागले. ज्याला ती इतकी खुपते, त्याच्या हातून ती होत नाही."

गेन्झोनं शिक्क्यावरची शाई बोटानं पुसली.

"पान लिहिणाऱ्यानं हाताची फार काळजी घेतलीय. सगळी अक्षरं जुनी, इनागाकीच्या वळणाची. उतरवून घेतलेलं समोर होतं. फक्त शिक्क्यात त्याला वावगं काही वाटलं नाही, कारण असली कमी रेघांची अक्षरं तो रोज सकाळपासून दुपारपर्यंत बघतो. बघतो, आणि दुसऱ्यांना शिकवतो."

म्हाताऱ्यानं हात पुढे करून माझी बाही धरली. इतक्या घट्ट की शिवण उसवली.

"त्याला तेव्हा काही माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मार्चमध्ये. तो पोरगा होता. त्याला काही माहीत नव्हतं हो."

६

शाळा सुटली होती. मास्तर एकटाच वर्गात होता, फळा पुसत होता. खिडकीबाहेर मैदानाच्या कडेला कावळे उतरले होते आणि डोंगरावर पहिल्या बर्फाची पांढरी कड दिसायला लागली होती.

"या, हवालदार. इनागाकींचं ऐकलं. फार वाईट झालं."

"जरा मदत हवी होती, मास्तर. या पानात काहीतरी चुकलंय असं मला वाटतं. तुमची नजर पक्की. बघता का?"

त्यानं वही घेतली, खिडकीपाशी नेली. मी त्याचे डोळे बघत होतो. नावावर गेले, तारखेवर गेले, अक्षरांच्या वळणावर रेंगाळले. शिक्क्यावर आले आणि सहज पुढे सरकले. त्यानं पुन्हा वरून सुरुवात केली. दुसऱ्यांदाही शिक्क्यावरून नजर तशीच घसरली.

"मला तर काही दिसत नाही," तो म्हणाला.

"फळ्यावर आपलं आडनाव लिहा."

तो गोंधळला, पण लिहिलं. मी खडू त्याच्या हातून घेतला आणि पहिल्या अक्षराखाली एकेक रेघ मोजत आकडे घातले. एक, दोन, तीन. सात. त्याच्या शेजारी जुनं अक्षर काढलं. सोळा. मग वही त्याच्यापुढे धरली आणि शिक्क्यावर बोट ठेवलं.

तो किती वेळ बघत होता कुणास ठाऊक. मैदानातले कावळे उडाले, पुन्हा बसले.

"वडिलांना कळलं?" त्यानं विचारलं.

"त्यांनी गुन्हा कबूल केला. तुमच्याऐवजी."

"पुन्हा," तो म्हणाला. "पुन्हा माझ्याऐवजी कुणीतरी."

तो पोरांच्या बाकावर बसला. गुडघे बाकात मावत नव्हते.

"वडील म्हणतात, तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं."

"माहीत होतं. पडद्याआड उभा होतो. इनागाकी म्हणत होते, 'सरपंच, हे माझ्याच्यानं होणार नाही.' वडील म्हणाले, 'होईल.' मेजावर कागद होता, माझ्या नावाचा, माझ्या अक्षराचा. मी एक पाऊल पुढे टाकलं असतं तर पुरे होतं. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पोरांना घेऊन गेलो, हातात झेंडा घेऊन, त्या हिसाओला निरोप द्यायला. तो मला म्हणाला, 'आईकडे बघ हं.' तेवढं मी केलं."

"आणि इनागाकी?"

"त्यांनी मला दहा दिवस दिले. दहाच्या दहा दिवस मी तोमेमावशीच्या दारात गेलो. रोज ती म्हणायची, 'आलास, हिसाओ? बस, बाळा.' मी बसायचो." त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला. "काल तुतीच्या मळ्यामागच्या वाटेनं गेलो, म्हटलं आणखी थोडे दिवस द्या. ते म्हणाले, 'मास्तर, सहा वर्षं दिली.' बोलता बोलता त्यांच्याच पुड्या मी चहात टाकल्या, तो घेतला त्यांनी. मला फक्त ते पान हवं होतं, हवालदार. आधी वाटलं, ते झोपले की पान बदलावं आणि जावं. मग वाटलं, उठल्यावर ते तोंडानं सांगतीलच."

"म्हणून शेगडी भरलीत."

"हो. आणि सवयीनं पेले धुतले. मावशीकडेही मीच धुतो."

"खरं पान कुठे आहे? भाषणाची पानं?"

"भाषण जाळलं." त्यानं मेजाचा खण उघडला आणि एका वहीच्या पानांमधून एक पिवळा कागद काढला. कोपऱ्यात कसरीचं भोक. खाली एक लाल अंगठा, रुंद, भेगाळलेला. "हे जाळायला दोनदा काडी पेटवली. तिचा हात आहे त्यावर."

मी कागद घेतला. त्यानं आणखी काहीतरी खणातून काढलं, दोरीनं बांधलेला एक गठ्ठा, आणि तो माझ्यापुढे सरकवताना त्यानं मान फिरवली. खून कबूल करताना फिरवली नव्हती.

"ही मावशीची पत्रं. दर दोन महिन्यांनी ती माझ्याकडून लिहून घ्यायची, जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयाला. माझा मुलगा नेमका कुठे बुडाला, कुणी शेवटचं पाहिलं, काही हाती लागलं का. चौकशी झाली असती तर कागदावर माझं नाव निघालं असतं. एकही टाकलं नाही. उत्तरं मीच लिहायचो आणि तिला वाचून दाखवायचो. तिला वाटतं, सरकार फार आदरानं लिहितं."

७

तोमेला सांगायचं काम माझंच होतं. मी भट्टीपाशी उभा राहून सगळं सांगितलं, अंगठ्याचा कागद दाखवला, पत्रांचा गठ्ठा दिला. ती रडली नाही. मध्येच उठून भट्टीचं एक भोक मातीनं लिंपून आली, कारण धूर निळा व्हायला लागला होता.

"कुणाकुणाला माहीत होतं?" तिनं शेवटी विचारलं.

"सरपंच. इनागाकी. आणि तो."

"म्हणजे माझ्या दारात येणारे तिघेही," ती म्हणाली.

मास्तरला तालुक्याला न्यायच्या सकाळी बसथांब्यावर अर्धं गाव जमलं होतं. गेन्झो आला नाही. त्याच्या घराची लाकडी झापं त्या दिवशी लागली ती उन्हाळ्यापर्यंत उघडली नाहीत. तोमे आली. मास्तरनं तिला पाहिलं आणि रस्त्यावरच गुडघे टेकले, कपाळ मातीला लावलं.

"मावशी," तो म्हणाला.

तिनं तोंड उघडलं. नेहमीची हाक ओठावर आली असावी, कारण तिचे ओठ तसे हलले. मग तिनं ते मिटले आणि पाठ फिरवली. मास्तर जे टाळायला माणूस मारून बसला होता, ते असं बसथांब्यावर, एवढ्याशा वेळात झालं. बसमध्ये तो माझ्या शेजारी घाट उतरेपर्यंत एकच गोष्ट विचारत होता, 'मावशीनं माझ्याकडे पुन्हा वळून पाहिलं का?' मी बाहेर बघत राहिलो.

दगड उघडायचा समारंभ पुढे ढकलला गेला. मग बर्फ पडलं आणि सगळंच राहिलं.

नोव्हेंबरात तोमे चौकीत आली. सहा वर्षांत जे पत्र टाकलंच गेलं नव्हतं ते लिहायला सांगितलं. मी लिहिलं, तिला दोनदा वाचून दाखवलं, तिच्यासमोर पाकीट चिकटवलं. ती माझ्याबरोबर पोस्टापर्यंत आली आणि पाकीट पेटीत पडल्याचा आवाज ऐकूनच घरी गेली.

उत्तर डिसेंबरच्या मध्याला आलं. फुमिएनं तिला शेगडीजवळ बसवलं, चहा दिला. मी पाकीट फोडलं, आधी मनातल्या मनात वाचलं, आणि मला वाटलं, काहीतरी दुसरं वाचावं. एक क्षण खरंच वाटलं. मास्तरला पहिल्यांदा असंच वाटलं असणार, हे लक्षात आलं आणि मी मोठ्यानं, जसंच्या तसं वाचलं.

"सावानो हिसाओ, सरपंच सावानो गेन्झो यांचा मुलगा. मार्चमध्ये दाखल, एप्रिलमध्ये जहाजाबरोबर समुद्रात मृत. आपण विचारलेला दुसऱ्या अक्षराचा सावानो हिसाओ सैन्यात कधीही बोलावला गेला नाही. त्याची कोणतीही नोंद आमच्याकडे नाही."

तोमे ऐकत होती.

"म्हणजे सरकारच्या लेखी तो मास्तर मेला."

"हो, आजी."

"आणि माझा गेलाच नाही."

"कागदावर नाही."

तिनं पेला खाली ठेवला, पदर सारखा करावा तशी कोटाची कड सारखी केली आणि माझ्या मेजावरची लेखणी उचलून माझ्या हातात दिली.

"मग लिहा," ती म्हणाली. "गेला नाही, तर कुठे आहे, विचारा त्यांना."